लिव्हरमधली ‘साधी’ गाठ : कधी थांबायचं आणि कधी धावायचं?

बारडोली (जि. सुरत) : दिवाळी झाली की नंदुरबार, धुळे, जळगाव आणि डांगमधून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीच्या दिशेने निघतात. कोणी मुकादमाच्या ट्रकमध्ये, कोणी भुसावळ-सुरत मार्गावरच्या पॅसेंजरने. पुढचे काही महिने फडात जातात. पोटात दुखलं तर आधी मेडिकलवरची गोळी, मग सुई, आणि तरीही थांबलं नाही तर गावातल्या सेंटरवर सोनोग्राफी. मुतखडा किंवा पित्ताचा खडा निघेल म्हणून माणूस जातो आणि रिपोर्टमध्ये एक वेगळीच ओळ येते : लिव्हरमध्ये गाठ आहे.

इथून पुढे घराघरांत दोनच प्रकार दिसतात. एक तर ‘गाठ’ म्हटलं की कॅन्सर, असं समजून रडारड आणि कर्ज काढायची तयारी. नाही तर डॉक्टर ‘सादी गांठ छे’ म्हणाले म्हणून तो कागद पिशवीच्या तळाला, आणि पुन्हा कधी बाहेर नाही.

दोन्ही चूक. लिव्हरमधल्या बहुतेक साध्या गाठी आयुष्यभर काही त्रास देत नाहीत, हे खरं. पण त्यातल्या मोजक्या गाठी फुटतात, काही रक्ताची गोठण्याची ताकद संपवतात, आणि एखादी पुढे कॅन्सरकडे वळते. कोणती गाठ कुठल्या जातीची आहे, तिचं नाव काय, हे कळलं की अर्धं काम झालं. नाव कळल्याशिवाय घाबरूही नये आणि निर्धास्तही राहू नये.

गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे

लिव्हर म्हणजे यकृत. मटणाच्या दुकानात जिला आपण कलेजी म्हणतो तोच अवयव. मोठ्या माणसात त्याचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो असतं आणि त्यातून दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं. यातलं जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नसेतून येतं, बाकीचं धमनीतून. रक्ताने असा भरलेला अवयव असल्यामुळे इथली गाठ आणि हातावरची चरबीची गाठ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चरबीची गाठ अर्ध्या तासात काढून पेशंट घरी जातो. लिव्हरला हात लावायचा तर रक्ताची पूर्ण तयारी लागते.

‘साधी’ गाठ म्हणजे जी शेजारच्या अवयवांत घुसत नाही आणि रक्तातून दुसरीकडे पसरत नाही ती. सोनोग्राफीत अशा गाठी बहुतेक वेळा योगायोगाने सापडतात. त्या शोधायला कोणी गेलेलं नसतं.

तीन नावं, तीन स्वभाव

रिपोर्टवर जी नावं जास्त दिसतात ती तीन आहेत.

पहिलं, हिमॅन्जिओमा. ही रक्तवाहिन्यांच्या जाळ्याची गाठ. स्पंज पाण्याने भरलेला असावा तशी ही रक्ताने भरलेली असते. लिव्हरमधल्या साध्या गाठींत हिचाच नंबर पहिला. बायकांमध्ये जास्त, आणि बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीत सापडते. दोन-तीन सेंटीमीटरच्या हिमॅन्जिओमाला उपचार लागत नाही. चार-पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर तिला ‘जायंट’ म्हणजे महाकाय म्हणतात. काही जण हा शब्द दहा सेंटीमीटरच्या पुढेच वापरतात. नाव भीतीदायक असलं तरी बहुतेक महाकाय हिमॅन्जिओमाही शांतच राहतात.

दुसरं, फोकल नोड्युलर हायपरप्लाझिया. रिपोर्टवर एफएनएच असं लिहिलेलं असतं. ही लिव्हरच्याच पेशींची गाठ, मधोमध बहुधा एक चट्टा असतो. ही जवळजवळ कधीच फुटत नाही आणि कॅन्सर होत नाही. निदान पक्कं झालं आणि त्रास नसला तर हिला सोडून द्यायचं.

तिसरं, एडिनोमा. हीसुद्धा लिव्हरच्या पेशींचीच, पण स्वभावाने बेभरवशाची. आतल्या आत रक्तस्राव करते, फुटू शकते आणि काही प्रकार कॅन्सरकडे वळतात. ही गाठ आणि हार्मोनच्या गोळ्या यांचा संबंध 1973 मध्ये पहिल्यांदा ठळकपणे मांडला गेला. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायकांमध्ये ती जास्त आढळली. गोळ्यांतला इस्ट्रोजेनचा डोस पुढे कमी झाला, पण संबंध संपलेला नाही. पुरुषांत बॉडी बनवण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड इंजेक्शनं हे एक कारण आहे. वाढलेलं वजन हेही जोडीला येतं. सुरत असो की जळगाव, जिममध्ये कोणी ‘कोर्स’ कर म्हणत असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

याशिवाय गाठीसारखं दिसणारं पण गाठ नसलेलंही बरंच काही असतं. ताप, उजव्या बरगडीखाली ठणका आणि सोनोग्राफीत पोकळी दिसली तर तो अमिबाने केलेला पूचा फोड असू शकतो. आपल्या भागात तो नवीन नाही. त्याला औषधं लागतात, आणि फोड मोठा असेल तर सुईने पू काढावा लागतो. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या संपर्कातून होणारी हायडॅटिडची गाठ वेगळी. तिला न ओळखता सुई मारली तर आतलं पाणी पोटात सांडतं आणि जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ‘गाठ दिसली, घाल सुई’ हा हिशोब लिव्हरमध्ये चालत नाही.

गाठच रक्ताचं भांडवल खाते तेव्हा

आता त्या दुर्मिळ गुंतागुंतींकडे वळू. त्यातली सगळ्यात विचित्र म्हणजे कॅसाबॅक-मेरिट. 1940 मध्ये अमेरिकेतले कॅसाबॅक आणि मेरिट या दोन डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाची केस लिहिली. बाळाच्या मांडीवर रक्तवाहिन्यांची मोठी गाठ होती आणि अंगावर रक्त साकळल्याचे डाग उठत होते. पुढे बाळांमधला हा आजार रक्तवाहिन्यांच्या काही ठरावीक गाठींचाच असतो हे स्पष्ट झालं. पण मोठ्या माणसांत लिव्हरच्या महाकाय हिमॅन्जिओमामुळे तसाच प्रकार झाला तर डॉक्टर आजही हेच नाव वापरतात.

होतं काय, तर गाठीच्या वेड्यावाकड्या पोकळ्यांत रक्त रेंगाळतं. रेंगाळलं की तिथे बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात. प्रत्येक गुठळीत प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन खर्ची पडतं. शरीर नवीन बनवतं, गाठ तेही खाते. दुकानात जमा होणारी सगळी रोकड एकाच उधारी खात्यात जावी आणि गल्ला रिकामा राहावा, तसा हा प्रकार. गाठीत गुठळ्या होत असतात आणि बाकी शरीरात रक्त गोठतच नाही. हिरड्यांतून रक्त, नाकातून रक्त, जरा धक्का लागला की काळानिळा डाग, बायकांना पाळीत न थांबणारा रक्तस्राव, अशी लक्षणं येतात.

इथे एक सापळा आहे. प्लेटलेट कमी झाल्या की सगळ्यांना आधी डेंग्यू आठवतो. डेंग्यूच्या सीझनमध्ये ते बरोबरही आहे. पण ताप नाही, प्लेटलेट आठवडे उलटले तरी कमीच, आणि पोटात मोठी गाठ आहे असं चित्र असेल तर फायब्रिनोजेन आणि डी-डायमर या तपासण्या करून घ्याव्या लागतात. फायब्रिनोजेन घसरलेलं आणि डी-डायमर चढलेलं असेल तर चोर गाठीतच आहे असं समजायचं. अशा पेशंटला नुसत्या प्लेटलेटच्या पिशव्या चढवत राहिलं तर त्याही गाठीतच जिरतात. मूळ कारण काढल्याशिवाय आकडा टिकत नाही.

फुटणं, दाबणं, ताप आणि रंग बदलणं

दुसरी गुंतागुंत म्हणजे गाठ फुटणं. हिमॅन्जिओमा आपोआप फुटणं फारच विरळ. एडिनोमाच्या बाबतीत मात्र हा खरा धोका आहे, विशेषतः पाच सेंटीमीटरच्या पुढे आणि गरोदरपणात. अचानक उजव्या बरगडीखाली चाकू मारल्यासारखी कळ, कधी ती उजव्या खांद्यापर्यंत जाते. मग घाम, चक्कर, हातपाय गार पडणं. ही लक्षणं आली की गॅस समजून सोडा-लिंबू देत बसू नये. पोटात रक्त साचत असताना मिनिटं मोजावी लागतात. अशा वेळी 108.

तिसरी, दाब. फार मोठी गाठ जठर दाबते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं आणि उलटी येते. पित्तनलिका दाबली तर कावीळ होते. लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या नसा दाबल्या तर पोटात पाणी साठतं आणि पायाला सूज येते. काविळीवर झाडपाला घेऊन महिना घालवणारे लोक सगळीकडे आहेत. त्यात नळी दाबली गेलेला एखादा असला तर तो महिना महागात पडतो.

चौथी, ताप. मोठ्या हिमॅन्जिओमाच्या काही पेशंटना आठवडेच्या आठवडे बारीक ताप, वजन घटणं, रक्तात सूज दाखवणारे आकडे वाढलेले, पण पांढऱ्या पेशी मात्र नॉर्मल, असं चित्र दिसतं. अँटिबायोटिकने फरक पडत नाही. असा ताप टीबी किंवा टायफॉईड समजला जाणं सहज शक्य आहे. टीबीची तपासणी अर्थातच करायची, पण ती निगेटिव्ह आली आणि पोटात महाकाय गाठ असेल तर तीच तापाचं मूळ आहे का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. गाठ काढल्यावर असा ताप गेल्याच्या नोंदी आहेत.

पाचवी, कॅन्सरकडे वळण. हिमॅन्जिओमा आणि एफएनएच कॅन्सर होत नाहीत. एडिनोमाचे काही प्रकार होतात, त्यातही बीटा-कॅटेनिन नावाच्या जनुकात बदल झालेले. पुरुषातला एडिनोमा यासाठीच जास्त धोक्याचा मानला जातो.

तान्ह्या बाळांची गोष्ट निराळी. त्यांच्या लिव्हरमध्ये रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गाठी असल्या तर इतकं रक्त गाठीतून फिरतं की हृदय थकतं. बाळ दूध पिताना धापा टाकतं, घाम येतो, वजन वाढत नाही. काही बाळांत थायरॉइडही घसरतं. 2008 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ब्लडप्रेशरचं जुनं औषध प्रोप्रॅनोलॉल बाळांमधल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर काम करतं. तेव्हापासून अशा अनेक बाळांचं ऑपरेशन टळलं आहे. पण हे औषध बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

निदान : सोनोग्राफी ही पहिली पायरी, शेवटची नाही

सोनोग्राफी गाठ आहे हे सांगते, मापं देते. छोटा हिमॅन्जिओमा सोनोग्राफीत पांढराशुभ्र ठिपका दिसतो आणि धोका नसलेल्या माणसात तेवढ्यावर निदान चालूनही जातं. पण गाठ मोठी असेल, चित्र वेगळं असेल, पेशंटला हिपॅटायटीस बी-सी किंवा सिरोसिस असेल, तर पुढची पायरी चढावीच लागते.

ती पायरी म्हणजे तीन टप्प्यांचा सीटी स्कॅन किंवा एमआरआय. शिरेतून रंगद्रव्य सोडतात आणि ठरावीक सेकंदांच्या अंतराने फोटो घेतात. प्रत्येक गाठ रंग पिण्याची आपली पद्धत ठेवते. हिमॅन्जिओमा आधी कडेकडेने, तुकड्या-तुकड्याने रंग घेतो आणि मग हळूहळू आत भरत जातो. एफएनएच पहिल्याच टप्प्यात सगळी उजळते, मधला चट्टा सोडून. कॅन्सर बहुधा पटकन रंग घेतो आणि पटकन सोडतो. एडिनोमात जुन्या-नव्या रक्तस्रावाच्या खुणा किंवा चरबी दिसू शकते. एमआरआयमध्ये हिमॅन्जिओमा बल्ब लावल्यासारखा चमकतो. एफएनएच आणि एडिनोमा यांच्यात गोंधळ असेल तर लिव्हरच्या पेशी शोषून घेतात असं खास रंगद्रव्य वापरून एमआरआय करतात. एफएनएच ते धरून ठेवते, एडिनोमा बहुतेक वेळा नाही.

म्हणजे साधा, रंग न घालता केलेला सीटी इथे फारसा कामाचा नाही. पैसे तिथे घालवून पुन्हा दुसरा करावा लागतो. रेडिओलॉजिस्टकडे जाताना ‘लिव्हरच्या गाठीसाठी, तीन टप्प्यांचा’ असं चिठ्ठीवर लिहिलंय का ते बघून घ्यावं. किडनीचा त्रास असेल तर रंगद्रव्याआधी क्रिएटिनिन तपासतात, तेही विसरू नये.

सोबत रक्ताच्या तपासण्या : सीबीसी, लिव्हरचे आकडे, रक्त गोठण्याचा वेळ, हिपॅटायटीस बी आणि सी, आणि एएफपी. एएफपी वाढलेलं असेल तर कॅन्सरचा संशय वाढतो, पण नॉर्मल असलं म्हणजे कॅन्सर नाहीच, असं नाही.

सुईने तुकडा काढणं, म्हणजे बायोप्सी, ही पहिली तपासणी नव्हे. हिमॅन्जिओमात सुईमुळे रक्तस्राव होऊ शकतो आणि स्कॅनवर निदान स्पष्ट असताना तिची गरजही नसते. स्कॅनवरून कोडं सुटत नसेल किंवा एडिनोमाचा प्रकार ठरवायचा असेल, तेव्हाच ती मोठ्या सेंटरवर, स्कॅनच्या नजरेखाली करतात.

आपल्या पट्ट्यातली खास गोष्ट : सिकल सेल

दक्षिण गुजरात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल मोठ्या प्रमाणावर आहे. गुजरात सरकारने 2006 मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी जिल्ह्यांतून यासाठी कार्यक्रम सुरू केला आणि देशपातळीवरचं निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं.

लिव्हरच्या गाठीशी याचा संबंध काय? तिहेरी. सिकल सेलच्या पेशंटला कावीळ आणि पोटदुखी तशीही होते, त्यामुळे गाठीचा त्रास ‘सिकलचाच असेल’ म्हणून मागे पडू शकतो. दुसरं, अशा पेशंटच्या पित्ताशयात खडे जास्त होतात, त्यासाठी सोनोग्राफी होते आणि गाठ अचानक हाती लागते. तिसरं आणि महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशन. भूल देताना ऑक्सिजन कमी पडला, शरीर गार पडलं किंवा पाणी कमी झालं तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. आधी माहिती असेल तर भूलतज्ज्ञ पेशंटला कोमट ठेवतात, सलाईन आणि ऑक्सिजन सांभाळतात, गरजेनुसार आधी रक्त देतात. म्हणून या भागातल्या पेशंटने ऑपरेशनआधी सिकलची तपासणी झाली आहे का ते विचारावं. आपलं सिकल कार्ड असेल तर ते पहिल्याच दिवशी दाखवावं.

ऑपरेशन कसं होतं?

लिव्हर हा वरून एकसंध दिसत असला तरी आत त्याची आठ खोल्यांसारखी विभागणी आहे. 1957 मध्ये फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी ती मांडली. प्रत्येक भागाला स्वतःची रक्ताची आणि पित्ताची नळी. त्यामुळे सर्जन एक भाग बंद करून तेवढाच काढू शकतो, बाकीचं घर चालू राहतं.

दुसरा जुना आधार म्हणजे प्रिंगल यांची युक्ती. ग्लासगोच्या जेम्स होगार्थ प्रिंगल या सर्जनने 1908 मध्ये लिहिलं की लिव्हरमध्ये येणाऱ्या रक्ताच्या नळ्या एका जागी चिमटीत धरल्या तर रक्तस्राव आटोक्यात येतो. शेतात पाण्याचा दांड फोडायच्या आधी मोटर बंद करावी, तसं. आजही हे वापरतात. साधारण पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू, पुन्हा बंद.

हिमॅन्जिओमा काढायच्या मुख्य दोन पद्धती आहेत. गाठ आणि निरोगी लिव्हर यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक पातळ सांधा असतो. त्या सांध्यातून गाठ सोलून काढता येते, फणसातून आठळी काढावी तशी. यात चांगलं लिव्हर वाया जात नाही. गाठ फार खोल किंवा एक पूर्ण भाग व्यापून असेल तर तो भागच काढतात. गाठीची जागा सोयीची असेल तर हे दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीनेही होतं. रक्त गोठण्याची ताकद गेलेल्या पेशंटला ऑपरेशनच्या तोंडावर प्लेटलेट, प्लाझ्मा आणि क्रायो देऊन तयार करतात. गाठ बाहेर आली की प्लेटलेट आणि फायब्रिनोजेनचे आकडे बहुधा काही दिवसांतच स्वतःहून सावरायला लागतात.

निरोगी लिव्हरचा साधारण पाऊण भाग काढला तरी उरलेला भाग काम सांभाळतो आणि वाढून आकार भरून काढतो. आपल्या लिव्हरचा तुकडा दान करणारे लोक याच जोरावर पुन्हा कामाला लागतात. पण दारूने किंवा हिपॅटायटीसने लिव्हर आधीच खराब असेल तर हा हिशोब बदलतो.

फुटलेल्या एडिनोमाचा नियम आता उलटा झाला आहे. पूर्वी तातडीने पोट उघडून लिव्हर कापायचे आणि त्यात पेशंट दगावण्याचं प्रमाण मोठं होतं. आता आधी रक्त देऊन प्रेशर सावरतात, मग मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेऊन फुटलेली वाहिनी आतूनच बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. रक्त थांबलं, सूज उतरली, की काही महिन्यांनी शांतपणे स्कॅन करून उरलेल्या गाठीचं काय करायचं ते ठरतं. मोठ्या हिमॅन्जिओमाचं रक्त कमी करण्यासाठीही ऑपरेशनआधी ही पद्धत वापरतात. सगळं लिव्हरच गाठींनी व्यापलेलं असेल आणि दुसरा मार्ग उरला नसेल, अशा अगदी मोजक्या पेशंटना प्रत्यारोपण करावं लागतं.

कोणाचं ऑपरेशन करायचं नाही?

हा प्रश्न तितकाच मोठा आहे, कारण गरज नसताना पोट उघडणं हीसुद्धा गुंतागुंतच.

हिमॅन्जिओमा कितीही सेंटीमीटरचा असो, त्रास नसेल तर नुसत्या आकारासाठी काढत नाहीत. पोटदुखीचं दुसरं कारण, म्हणजे ॲसिडिटी, पित्ताचे खडे, पाठीचा त्रास, आधी तपासतात. नाही तर गाठ जाते आणि दुखणं राहतं. एफएनएच पक्की असेल तर काही करायचं नाही.

एडिनोमाचा हिशोब वेगळा. बाईमध्ये आधी इस्ट्रोजेनच्या गोळ्या बंद करतात, वजन कमी करायला सांगतात आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. अनेक गाठी आकसतात. त्यानंतरही पाच सेंटीमीटरच्या पुढे असेल किंवा वाढत असेल तर काढतात. पुरुषात एडिनोमा सिद्ध झाला तर लहान असला तरी काढण्याचाच सल्ला असतो.

इथे बायकांनी एक लक्षात घ्यावं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन गोळीत इस्ट्रोजेन असतं, छाया गोळीत हार्मोन नसतं. पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्याही डॉक्टरला सांगाव्या. अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांपैकी फारच थोड्यांना एडिनोमा होतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये गाठ नसताना घाबरून गोळी सोडू नये. गाठ निघाली असेल तर मात्र गोळीचं नाव लपवू नये.

दोन राज्यं, एक फाईल

लिव्हरच्या गाठीत सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तुलना. मागच्या वर्षी चार सेंटीमीटर होती, आज चार आहे, तर निवांत. मागच्या वर्षी चार होती, आज सात आहे, तर उठायची वेळ झाली. पण सोनोग्राफी बारडोलीत, पुढची नंदुरबारला, सीटी सुरतेत, आणि एकाचाही कागद दुसऱ्या जागी पोचत नाही, हे सीमेवरच्या माणसाचं रोजचं दुखणं आहे. प्रत्येक डॉक्टर मग पहिल्या पानापासून सुरू करतो. पैसा जातो तो जातोच, वेळही जातो. उधना-लिंबायतला राहणाऱ्या आणि सणाला गावी जाणाऱ्या कुटुंबांनाही हेच लागू. बेळगाव-कोल्हापूर किंवा बऱ्हाणपूर-रावेर ये-जा करणाऱ्यांचीही गत वेगळी नाही.

नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. सीटी-एमआरआयची सीडी किंवा फिल्म मागून घ्यावी, कारण सर्जनला चित्र स्वतः बघायचं असतं. रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या एकाच्या मोबाईलमध्येही ठेवावेत. आभा क्रमांक काढला असेल तर तो प्रत्येक ठिकाणी सांगावा.

खर्चाचं म्हणाल तर आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि हे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या नोंदणीकृत दवाखान्यातही चालतं. गुजरातने आपल्या कार्डधारकांसाठी 2023 मध्ये ही मर्यादा दहा लाख केली. मात्र कुठली योजना कुठल्या कार्डावर परराज्यात चालेल आणि लिव्हरचं ऑपरेशन त्या दवाखान्याच्या यादीत आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आयुष्मान मित्राला किंवा आरोग्यमित्राला विचारावं. 14555 या नंबरवरही माहिती मिळते.

ध्यानात ठेवायचं ते इतकंच

- रिपोर्टवर ‘गाठ’ असेल तर डॉक्टरला चार प्रश्न विचारा : नाव काय, माप किती, खात्री किती, पुन्हा कधी तपासायची?
- मोठी गाठ माहीत असेल तर पोट चोळून, तुडवून घेऊ नका. डाम तर अजिबात नको.
- अचानक जोराची कळ आणि चक्कर, कारणाशिवाय रक्तस्राव, वाढती कावीळ, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हार्मोन, स्टेरॉइड, जडीबुटी, जे काही घेत असाल ते सांगा.
- लिव्हरवर ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या, लिव्हरचंच काम करणाऱ्या सर्जनचं मत घ्यायला संकोच करू नका. गाठ फुटलेली नसेल तर तेवढा वेळ नक्की असतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फड संपत आले की टोळ्या परतीला लागतात. भांडी, अंथरूण, पोरांची दप्तरं, सगळं मोजून गाडीत चढतं. त्या सामानात सोनोग्राफीचा कागद आणि सीडीही मोजून चढली पाहिजे. पुढच्या डॉक्टरला गाठ वाढली की तशीच आहे, हे त्यावरूनच कळणार आहे.